मैदानाबाहेर ठरणारे हंगाम: इंग्लंडमधील खालच्या श्रेणींचे फुटबॉलप्रेमी आणि २०२०

आर्सेनलचे प्रशिक्षक मिकेल आर्टेटा यांना करोनाची लागण झाल्याचे १२ मार्च २०२० रोजी रात्री जाहीर झाले आणि दुसऱ्या दिवशी इंग्लंडमधील व्यावसायिक फुटबॉल थांबवण्यात आले. प्रीमियर लीग आणि तिच्याखालची चॅम्पियनशिप या दोन स्पर्धा जूनमध्ये रिकाम्या स्टेडियममध्ये पुन्हा सुरू होऊन पूर्ण झाल्या. त्याखालच्या लीग वन आणि लीग टू या दोन श्रेणींचे साखळी सामने मात्र पुन्हा सुरू झालेच नाहीत. आपला क्लब कोणत्या श्रेणीत खेळणार, पुढचा हंगाम कधी सुरू होणार आणि तोपर्यंत क्लब जिवंत राहणार का, या तीन प्रश्नांची उत्तरे तेथील चाहत्यांना महिनोन्महिने मिळाली नाहीत. ही अनिश्चितता महामारीने निर्माण केली असे म्हटले जाते, पण ते अर्धेच खरे आहे. महामारीने सामने थांबवले. सामने थांबताच क्लब कोलमडायला लागावेत आणि चाहत्याला त्यावर काहीच बोलता येऊ नये, ही व्यवस्था मात्र त्याआधीच्या शंभरेक वर्षांत टप्प्याटप्प्याने तयार झाली होती.

विल्यम मॅकग्रेगर यांच्या पुढाकाराने १८८८ मध्ये फुटबॉल लीग स्थापन झाली, तेव्हा तिच्यात लँकेशायर आणि मिडलँड्स या औद्योगिक पट्ट्यांतील प्रत्येकी सहा, असे एकूण बारा क्लब होते. शनिवारी दुपारी गिरणी किंवा कारखाना सुटल्यावर मैदानाच्या फाटकावर नाणी मोजणारा कामगार हाच या उद्योगाचा मुख्य आश्रयदाता होता. १९२० आणि १९२१ मध्ये तिसऱ्या श्रेणीचे दक्षिण व उत्तर विभाग आले, १९५८ मध्ये चौथी श्रेणी सुरू झाली, आणि लहानसहान गावांतील क्लबही राष्ट्रीय साखळीचे भाग झाले. १९४८-४९ च्या हंगामात लीगच्या सामन्यांना चार कोटींहून अधिक प्रेक्षक आले. १९८५-८६ पर्यंत हा आकडा सुमारे एक कोटी पासष्ट लाखांवर घसरला होता. या काळात लहान क्लबांना तगवून धरणारी एक साधी तरतूद होती. यजमान क्लबच्या तिकीटविक्रीतील ठरावीक वाटा पाहुण्या क्लबला मिळत असे, आणि तो बराच काळ २० टक्के होता. १९८३ मध्ये मोठ्या क्लबांच्या आग्रहाने ही वाटणी बंद झाली आणि ज्याचे मैदान त्याचेच उत्पन्न असा नियम झाला. ज्याच्या मैदानात पन्नास हजार माणसे मावत होती त्याला हे सोयीचेच होते. ज्याच्याकडे तीन हजार येत होती, त्याला यापुढे त्या तीन हजारांवरच जगायचे होते.

चाहत्याच्या हाती नसलेली दुसरी गोष्ट म्हणजे क्लबचे लीगमधील स्थान. १९८६ पर्यंत चौथ्या श्रेणीच्या तळाचे क्लब आपोआप बाहेर जात नसत. तळाच्या चार क्लबांना वार्षिक सभेत पुनर्निवडीसाठी अर्ज करावा लागे, बाहेरचे इच्छुक क्लबही अर्ज करत, आणि बाकीचे क्लब मतदान करत. वरच्या दोन श्रेणींतील प्रत्येक क्लबला पूर्ण मत होते, तर तिसऱ्या-चौथ्या श्रेणीतील साऱ्या क्लबांना मिळून मोजकी मते होती. या पद्धतीचा सर्वांत बोलका बळी म्हणजे वायव्य इंग्लंडच्या किनाऱ्यावरील जहाजबांधणीचे गाव बारो. १९७१-७२ च्या हंगामात बारोचा क्लब चौथ्या श्रेणीत खालून तिसरा होता. म्हणजे त्याच्यापेक्षा खाली आणखी दोन क्लब होते. पण त्याच वर्षी फेब्रुवारीत लीगबाहेरच्या हेरफर्ड युनायटेडने एफए चषक या सर्व पातळ्यांवरील क्लबांच्या बाद स्पर्धेत न्यूकासल युनायटेडला हरवून देशभर नाव मिळवले होते. सभेत पहिल्या फेरीत बारो आणि हेरफर्ड यांना समसमान मते पडली, दुसऱ्या फेरीत हेरफर्डची सरशी झाली आणि बारो लीगबाहेर गेला. तळाचे दोन्ही क्लब लीगमध्येच राहिले. गुणतालिकेपेक्षा सभागृहातील हात महत्त्वाचे असतात, हा धडा बारोच्या चाहत्यांना २०२० च्या ४८ वर्षे आधीच मिळालेला होता.

दूरचित्रवाणीच्या पैशाची कथा याहून परिचित आहे, म्हणून ती थोडक्यात सांगतो. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत प्रक्षेपणाचे उत्पन्न ९२ क्लबांमध्ये समान वाटले जाई. नंतर वरच्या श्रेणीने त्यातला मोठा हिस्सा मागितला, तो मिळाला, तरी समाधान झाले नाही, आणि १९९२ मध्ये प्रीमियर लीग वेगळी झाली. आपल्याकडे रात्री जागून पाहिले जाणारे फुटबॉल ते हेच. मागे राहिलेल्या फुटबॉल लीगने आयटीव्ही डिजिटल या प्रक्षेपण कंपनीशी तीन वर्षांसाठी ३१.५ कोटी पाउंडांचा करार केला, तेव्हा आपलेही दिवस पालटतील असे अनेक क्लबांना वाटले आणि त्यांनी त्या भरवशावर खेळाडूंचे पगार वाढवले. मार्च २००२ मध्ये कंपनीच कोसळली. १७.८५ कोटी पाउंड येणे बाकी होते आणि करारात तिच्या मालक कंपन्यांची हमी घेतलेली नव्हती. बार्न्सली, ब्रॅडफर्ड सिटी, बरी असे क्लब एकामागून एक दिवाळखोरीत नेमल्या जाणाऱ्या प्रशासकांच्या ताब्यात गेले. याच सुमारास चाहत्यांनी बादल्या फिरवून वर्गणी गोळा करणे आणि विश्वस्त संस्था काढून क्लबचे समभाग घेणे हे इंग्लंडमध्ये नेहमीचे दृश्य झाले. एक्सेटर सिटी हा क्लब २००३ मध्ये चाहत्यांच्या संस्थेच्या हाती आला आणि आजही तो तिच्याच मालकीचा आहे. लंडनमधला विंबल्डन क्लब मिल्टन कीन्स या दुसऱ्या शहरात हलवण्यास मालकांना परवानगी मिळताच चाहत्यांनी २००२ मध्ये एएफसी विंबल्डन हा आपला क्लब नव्याने उभा केला.

महामारीच्या अवघ्या सात महिने आधी घडलेले बरीचे प्रकरण या इतिहासात वेगळे काढून पाहावे लागते. १८८५ मध्ये स्थापन झालेला आणि १९०० व १९०३ मध्ये एफए चषक जिंकलेला हा क्लब मँचेस्टरच्या उत्तरेला, मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानापासून फार दूर नसलेल्या गावातला. २०१८ च्या अखेरीस तो एका पाउंडाला विकला गेला. २०१९ मध्ये संघाने मैदानावर लीग वनमध्ये बढती मिळवली, पण देणी भागवण्यासाठी पैसे असल्याचा पुरावा क्लबला देता आला नाही. २७ ऑगस्ट २०१९ ही अखेरची मुदत होती. नवा खरेदीदार येणार या आशेवर त्या दिवशी शेकडो चाहते गिग लेन या जुन्या मैदानात फडकी, झाडू आणि बागकामाची हत्यारे घेऊन जमले. शनिवारचा सामना होणारच, असे धरून त्यांनी खुर्च्या पुसल्या, तण उपटले. दुपारी खरेदीदाराने माघार घेतली आणि रात्री क्लबची लीगमधून हकालपट्टी झाली. १९९२ मध्ये मेडस्टोन युनायटेड बंद पडल्यानंतर असे प्रथमच घडले होते. म्हणून मार्च २०२० मध्ये लीग टूमधील एखाद्या क्लबचा चाहता ‘आपले काय होणार’ असे विचारत होता तेव्हा तो उगाच घाबरलेला नव्हता. त्याच्यासमोर ताजे उदाहरण होते.

त्या वसंतात क्लबांचे उत्पन्न एका झटक्यात आटले. तिकिटे, सामन्याच्या दिवशीचे बार, खाद्यपदार्थ आणि चहाची विक्री, स्टेडियममधील सभागृहांची भाडी, सारेच बंद पडले. सरकारच्या वेतन योजनेतून कर्मचाऱ्यांच्या पगाराचा ८० टक्के भाग, महिना २,५०० पाउंडांच्या मर्यादेत, मिळत होता. खेळ पुन्हा सुरू केला तर खेळाडूंना या योजनेतून परत बोलवावे लागले असते, शिवाय चाचण्यांचा खर्च आला असता. रिकाम्या मैदानात खेळून हाती काहीच येणार नव्हते. त्यामुळे खेळणे हेच न खेळण्यापेक्षा महाग ठरले. अनेक चाहत्यांनी हंगामी तिकिटाचा परतावा नाकारून ती रक्कम क्लबकडेच राहू दिली, आणि अनेक क्लबांनी एकट्या राहणाऱ्या वृद्ध सभासदांना फोन करून विचारपूस केली. परस्परांविषयीची ही आस्था खरी होती, पण तिने हिशेब जुळत नव्हता.

९ जून २०२० रोजी क्लबांनी मतदान करून दोन्ही श्रेणींचे साखळी सामने आटोपते घेतले आणि प्रति सामना सरासरी गुणांवर अंतिम क्रम लावला. ट्रॅनमियर रोव्हर्सचे ३४ सामन्यांत ३२ गुण होते आणि त्यांच्या लगेच वर असलेल्या एएफसी विंबल्डनचे ३५ सामन्यांत ३५. दहा सामने बाकी होते, ट्रॅनमियरने शेवटचे तीन सामने जिंकलेले होते, तरीही त्यांची लीग टूमध्ये घसरण झाली. वायकम वाँडरर्स थांबण्याच्या वेळी आठवे होते; एक-दोन सामने कमी खेळल्यामुळे सरासरीने ते थेट तिसऱ्या क्रमांकावर गेले, बढतीसाठीच्या बाद फेरीत उतरले आणि १३ जुलैला लंडनच्या वेम्बली मैदानावर ऑक्सफर्ड युनायटेडला हरवून इतिहासात प्रथमच चॅम्पियनशिपमध्ये पोहोचले. पीटरबरो सहावे होते, ते सातवे झाले आणि बाद फेरीबाहेर पडले. माझ्या मते सरासरीइतकी रास्त दुसरी पद्धत त्या वेळी हाताशी नव्हती. पण अन्याय टाळणारी पद्धत कोणतीच नव्हती, हेही तितकेच खरे.

त्याखाली तर आणखी कठोर निर्णय झाले. मार्चच्या अखेरीस फुटबॉल असोसिएशन या इंग्लंडमधील फुटबॉलच्या शिखर संस्थेने सातव्या आणि त्याखालच्या पातळीवरील हंगाम संपवून निकाल पुसून टाकले. जर्सी बेटावरील जर्सी बुल्स या नव्या संघाने लीगचे सर्वच्या सर्व २७ सामने जिंकले होते. नोंदीत ते उरले नाहीत. साउथ शील्ड्स आपल्या श्रेणीत १२ गुणांनी आघाडीवर होते, त्यांचीही बढती गेली. उलट पाचव्या श्रेणीत नऊ सामने बाकी असताना चार गुणांनी पुढे असलेला बारो जूनमध्ये सरासरीच्या आधारे विजेता ठरला आणि १९७२ नंतर प्रथमच लीगमध्ये परतला. मतदानाने बाहेर गेलेला क्लब मतदानानेच परत आला, आणि त्याच्या चाहत्यांना तो क्षण मैदानात साजराही करता आला नाही.

लीग टूचे शेवटचे स्थान तर ११ ऑगस्टपर्यंत ठरत नव्हते. मॅकल्सफील्ड टाउनने खेळाडूंचे पगार वेळेवर न दिल्यामुळे आधीच गुण कापले गेले होते. अपिलात आणखी चार गुण गेले, मॅकल्सफील्ड खाली घसरले आणि तळाचे स्टीव्हनेज वाचले. पाठोपाठ १६ सप्टेंबरला न्यायालयाने १८७४ मध्ये स्थापन झालेला मॅकल्सफील्डचा क्लब मोडीत काढण्याचा आदेश दिला. चॅम्पियनशिपमधील विगन ॲथलेटिक १ जुलैलाच प्रशासकांच्या ताब्यात गेला होता. तेथेही गुण कापले गेले, घसरण झाली, आणि चाहत्यांनी लोकवर्गणीतून लाखो पाउंड उभे केले.

नवा हंगाम १२ सप्टेंबर २०२० रोजी सुरू झाला, तोही प्रेक्षकांविना. १९ सप्टेंबरला काही मैदानांवर प्रत्येकी हजार प्रेक्षकांना प्रायोगिक प्रवेश मिळाला. १ ऑक्टोबरपासून दारे अधिक उघडतील असे सांगितले जात होते, पण २२ सप्टेंबरला सरकारने तो बेत रद्द केला. यातून एक चमत्कारिक परिस्थिती तयार झाली. सातव्या पातळीवरील आणि त्याखालचे क्लब ‘उच्चस्तरीय’ गणले जात नसल्याने तेथे मर्यादित प्रेक्षकांना परवानगी होती, तर त्यांच्यापेक्षा थोड्याच वरच्या, पण आसनांमध्ये अंतर राखण्याइतकी जागा असलेल्या लीग टूच्या मैदानांना टाळे होते. २ डिसेंबरला कार्लाइल, श्रूजबरी आणि आणखी काही ठिकाणी दोन हजारांपर्यंत लोकांना आत सोडले गेले. जेमतेम महिनाभरात संसर्ग वाढला आणि दारे पुन्हा मिटली.

तोवर सामना पाहण्याचा मार्ग म्हणजे दहा पाउंडांचे ऑनलाइन प्रक्षेपण. शनिवारी दुपारी तीनच्या सामन्यांचे थेट प्रक्षेपण करायचे नाही, हा १९६० च्या दशकापासूनचा इंग्लंडमधील दंडक लहान क्लबांच्या तिकीटविक्रीला संरक्षण देण्यासाठीच होता. तो आता त्याच क्लबांना जगवण्यासाठी बाजूला ठेवावा लागला. १० जानेवारी २०२१ रोजी आठव्या पातळीवरील मरीन आणि टॉटनहॅम हॉटस्पर यांचा एफए चषकातला सामना लिव्हरपूलजवळच्या क्रॉस्बी येथे झाला, तेव्हा तर क्लबने दहा पाउंडांची नुसती प्रतीकात्मक तिकिटे काढली. त्या तिकिटांवर कुणालाही आत जाता येणार नव्हते, तरी ती तीस हजारांहून अधिक विकली गेली. मैदानाच्या कुंपणाला लागून ज्यांची घरे आहेत, त्यांनी परसातूनच सामना पाहिला. मरीन ५-० ने हरले, आणि पुढच्या महिन्यात त्यांचा साखळी हंगाम सलग दुसऱ्यांदा अर्धवट संपवण्यात आला.

पैशाची मोठी वाटाघाट मात्र वरच चालली होती. ऑक्टोबर २०२० मध्ये ‘प्रोजेक्ट बिग पिक्चर’ या नावाचा प्रस्ताव बाहेर आला. त्यात खालच्या श्रेणींना तातडीचे २५ कोटी पाउंड आणि पुढे प्रक्षेपण उत्पन्नाचा चौथा हिस्सा देऊ केला होता. मोबदल्यात प्रीमियर लीगमधील निर्णयांचा अधिकार मोजक्या बड्या क्लबांच्या हाती जाणार होता. प्रीमियर लीगच्या क्लबांनी तो फेटाळला. अखेर ३ डिसेंबरला तडजोड झाली: लीग वन आणि लीग टूसाठी ५ कोटी पाउंड, आणि चॅम्पियनशिपसाठी २० कोटींपर्यंत कर्जाची सोय. त्याखालच्या, पाचव्या-सहाव्या पातळीवरील नॅशनल लीगने राष्ट्रीय लॉटरीच्या निधीवर हंगाम सुरू केला, पण तो निधी संपल्यावर वाद पेटला. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिच्या उत्तर आणि दक्षिण विभागांचे हंगाम रद्द झाले, आणि पुढे खर्च झेपत नाही म्हणून खेळण्यास नकार देणाऱ्या डोव्हर ॲथलेटिकचे निकाल पुसून पुढच्या हंगामासाठी १२ गुण कापण्यात आले.

एप्रिल २०२१ मध्ये बड्या क्लबांनी युरोपियन सुपर लीग या आपल्याच वेगळ्या स्पर्धेचा घाट घातला, तेव्हा सरकारने चाहत्यांच्या दृष्टीने फुटबॉलच्या कारभाराची फेरतपासणी सुरू केली. तिचा अहवाल नोव्हेंबर २०२१ मध्ये आला आणि त्यातून २०२५ मध्ये स्वतंत्र नियामक नेमणारा कायदा झाला. क्लबना परवाना घ्यावा लागणे, मालकांची छाननी, मैदान विकण्यावर निर्बंध आणि महत्त्वाच्या बाबींत चाहत्यांशी सल्लामसलत या तरतुदी बरी आणि मॅकल्सफील्ड यांच्या अनुभवातून आलेल्या आहेत. हंगाम मध्येच थांबला तर बढती कुणाला आणि घसरण कुणाची, हे मात्र त्या कायद्याच्या कक्षेत येत नाही. तो निर्णय लीगच्या नियमावलीप्रमाणेच होतो, आणि ती नियमावली क्लबच मतदानाने ठरवतात.