पांढरा डाग, काळी रेघ

गडद निळ्या प्लॅस्टिकचा सुटा भाग चौकटीतून कापला की कापल्या जागी मोहरीएवढा पांढरा ठिपका उमटतो. तो पुसून जात नाही, कारण तो बाहेरून लागलेला डाग नसून प्लॅस्टिकला झालेली इजा असते. ॲनिमेशन मालिकांतील यंत्रमानवांची मॉडेल जोडायला बसणाऱ्याची पॉलिमरशास्त्राशी पहिली गाठ बहुधा याच ठिपक्यापाशी पडते.

जपानी दूरचित्रवाणीवर १९७९ साली आलेल्या ‘गंडम’ मालिकेतील यंत्रमानवाचे जोडसंच बांदाई कंपनीने १९८० च्या जुलैत विक्रीस आणले. कथेत १८ मीटर उंच असलेला हा यंत्रमानव १/१४४ प्रमाणात साडेबारा सेंटिमीटरचा होतो. त्याचे भाग मुख्यतः पॉलिस्टायरिन या प्लॅस्टिकचे असतात. तापवून पातळ केलेले प्लॅस्टिक मोठ्या दाबाने धातूच्या साच्यात भरण्याची ही पद्धत भोसरी-चाकणच्या कारखान्यांत मोटारींचे भाग बनवणाऱ्यांना रोजची आहे. साच्यातील ज्या वाटांनी रस पुढे सरकतो, त्यांतच तो थिजून भागांना धरून ठेवणारी चौकट, म्हणजे रनर, तयार होते. भागाला चिकटलेला तिचा बारीक दांडा म्हणजे गेट.

गेटवर कटर दाबला की पॉलिस्टायरिनच्या रेणूंच्या लांबलचक साखळ्या ताणल्या जातात आणि त्यांच्यामध्ये अतिसूक्ष्म पोकळ्या पडतात. या पोकळ्यांवर प्रकाशाचे सर्व दिशांना विकिरण होते, म्हणून तेवढी जागा पांढरी दिसते. रंगद्रव्य जिथल्या तिथेच असते. हा ठिपका टाळण्यासाठी गेट एका दमात न कापता आधी भागापासून थोडे दूर कापावे, उरलेले खुंट पातळ धारेने हळूहळू छाटावे आणि मग ४००, ६००, ८०० अशा चढत्या नंबरांचा पॉलिश पेपर फिरवावा. घाई केली तर पोकळ्या भागाच्या आत खोलवर जातात आणि कितीही घासले तरी ठिपका हटत नाही.

जोड बुजवण्याचे काम त्यामानाने सोपे आहे. मॉडेलसाठीचे सिमेंट हा खरे तर डिंक नव्हे, द्रावक आहे. तो दोन्ही कडा मऊ करतो, दोन्हीकडच्या साखळ्या एकमेकींत शिरतात आणि द्रावक उडून गेल्यावर दोन भागांचा एकच भाग होतो.

मला सर्वांत मोलाचे वाटते ते आखणीचे काम. कसबा पेठेत गणपतीच्या मूर्तीचे डोळे रेखताना कारागीर हाच शब्द वापरतात, आणि मॉडेलच्या पत्र्यांमधल्या खाचा काळ्या करण्यालाही मला दुसरा शब्द सुचत नाही. पातळ केलेल्या इनॅमल रंगाचा एक थेंब खाचेच्या टोकाला टेकवला की केशाकर्षणाने तो आपोआप खाचभर धावतो. हाताने रेघ ओढावीच लागत नाही. मात्र ही रेघ लागते कशासाठी? खऱ्या यंत्रातली एक सेंटिमीटरची फट या प्रमाणात मिलिमीटरच्या चौदाव्या भागाइतकी उरेल आणि डोळ्याला दिसणारही नाही. म्हणून साच्यात ती मुद्दाम रुंद ठेवतात. तरीही इतक्या उथळ खाचेत पुरेशी सावली पडत नाही, आणि तिची उणीव हा काळा रंग भरून काढतो.

या रंगानेच माझे एक मॉडेल मोडले. खांद्याचा सांधा घट्ट बसवलेला होता, म्हणजे त्या प्लॅस्टिकमध्ये आधीच ताण होता. खाचेतून झिरपलेल्या, रंग पातळ करणाऱ्या द्रावकाने ताणलेल्या साखळ्यांची एकमेकींवरची पकड सैल केली आणि सकाळी खांद्याला आरपार तडा गेलेला दिसला. तेव्हापासून मी भाग सुटे असतानाच आखणी करतो, तीही आधी संरक्षक थर देऊन.

पुण्याचा पावसाळा वेगळीच अडचण उभी करतो. लॅकर या झटपट वाळणाऱ्या रंगाचा फवारा मारला की द्रावकाचे झपाट्याने बाष्पीभवन होते, पृष्ठभाग गार पडतो आणि जुलैच्या दमट हवेत त्याचे तापमान दवबिंदूच्याही खाली उतरते. हवेतले पाणी ओल्या थरावर साचते आणि चकचकीत काळा रंग दुधाळ होतो. असा थर खरवडून काढण्याची गरज नसते. पावसाने उघडीप दिलेल्या दुपारी त्यावर सावकाश उडणाऱ्या थिनरचा हलका फवारा मारला की थर पुन्हा मऊ होतो, अडकलेले पाणी निघून जाते आणि काळा रंग परत वर येतो.