सत्कार वेगळा, आभार वेगळे

शाळेच्या वर्गखोलीसाठी, वाचनालयासाठी किंवा रुग्णवाहिकेसाठी निधी जमवायला कोकणातली मंडळं वर्षातून एकदा मोठा कार्यक्रम लावतात. कुठे दोन अंकी नाटक, सिंधुदुर्गात दशावतार, रत्नागिरीकडे नमन किंवा जाखडी. प्रवेशिका खपतात, स्मरणिकेला जाहिराती मिळतात, पावतीपुस्तकं वाडीवाडीत फिरतात. पत्रिकेत दोन ओळी मात्र ठरलेल्या असतात: ‘सत्कार’ आणि ‘आभार’. राबलेल्या कार्यकर्त्यांना यातल्या कुठल्या ओळीत बसवायचं, हे न ठरवताच समिती मंचावर चढते. मग चाळीस जणांना शाल-श्रीफळ देता देता नाटकाचा दुसरा अंक आखडावा लागतो, नाहीतर दोन महिने खपलेला माणूस ‘ज्ञात-अज्ञात सर्वांचे आभार’ एवढं ऐकून घरी जातो.

सत्कार माणसाचा होतो, आभार कामाचे. सत्काराला सभा लागते, देणारा हात मोठा लागतो आणि निवड लागते. सगळ्यांचाच झाला तर कोणाचाच झाला नाही. आभारांना निवड चालत नाही. तिथे एक नाव सुटलं तरी बाकीच्या एकोणचाळीसांचं गोड लागत नाही. कार्यकर्त्यांचे आभार सत्काराच्या पद्धतीने मानायला जाणं, ही रुसव्याची सगळ्यात सोपी वाट आहे.

आधी सत्काराचा हिशेब. नाव पुकारणं, मागच्या रांगेतून मंचावर येणं, शाल, नारळ, फोटो: घाई केली तरी एका माणसाला दीड मिनिट जातं. चाळीस जणांचा एक तास झाला. उघड्या जागेत रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला नियमाने बंदी आहे. शासन वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सूट देतं, पण आपली तारीख त्यात येईलच असं नाही. म्हणून सत्कार पाच ते सातच ठेवावेत, दहा मिनिटांत उरकतील एवढे. त्यात कोण बसतं? मोठा देणगीदार, जागा देणारा, यंदा निवृत्त होणारा जुना पदाधिकारी, गावचं नाव काढणारा विद्यार्थी. चालू समितीतला कोणी बसत नाही. मंडळाच्या पैशाने मंडळानेच आपल्या सचिवाला शाल पांघरणं लोकांच्या डोळ्यांत खुपतं, आणि देणगीदाराच्या तर जास्तच. शाली-सन्मानचिन्हांचा खर्च निधीतून न करता एखाद्याकडून तेवढ्यापुरता वेगळा घ्यावा आणि जमाखर्चात तो स्वतंत्र दाखवावा.

नाटक असेल तर सत्कार मध्यंतरात चालतो. दशावतारात तसं ठरलेलं मध्यंतर नसतं. तिथे सुरुवातीचं गणपतीचं सोंग मंचावर यायच्या आधीच सगळं आटपावं. एकदा मृदंग सुरू झाला की माईक मागू नये.

कोकणात सत्काराला आणखी एक काटा आहे, मानपानाचा. देवस्थानाच्या कामात पहिला नारळ कोणाचा, मग कोणाचा, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. मंडळाच्या मंचावर नारळ हातात आला की लोकांच्या मनात तीच उतरंड जागी होते आणि ‘त्यांच्याआधी हे कसे?’ असा प्रश्न येतो. कार्यक्रम देवळाच्या आवारात असेल तर गाऱ्हाणं, म्हणजे देवापुढची सगळ्यांच्या वतीने केलेली विनवणी, आणि मानाचे नारळ प्रथेप्रमाणे आधी होऊ द्यावेत, त्यात मंडळाने हात घालू नये. त्यानंतरच्या सत्कारांचा क्रम आडनावांच्या अकारविल्हे लावावा आणि निवेदकाने तसं एका वाक्यात सांगून टाकावं. वयाचा क्रमही चालतो, पण मग वयं पक्की माहीत हवीत!

वस्तूंबद्दल थोडंच. श्रीफळ शेंडीचं, हलवलं की पाणी वाजणारं घ्यावं. ज्याच्या परसात चाळीस माड आहेत त्याला नारळ देताना हसू येतं खरं, पण तो किमतीसाठी नसतो. मे महिन्याच्या घामात लोकरी शाल म्हणजे शिक्षा. सुती उपरणं पुरतं. बायकांसाठी वेगळी ओटी काढू नये. ओटी म्हटली की कोणाची भरायची आणि कोणाची नाही हे जुनं कुंपण मध्ये येतं आणि विधवा बाई बाजूला उभी राहते. सगळ्यांना एकच वस्तू द्यावी.

आता आभार. इथली पहिली अडचण आपल्या भाषेतच आहे. घरच्या माणसाचे आभार मानणं आपल्याला परकं वाटतं. मालवणीत तर सरळ ऐकवतील, ‘आमचे कसले आभार मानतास?’ त्यातूनच ते घासून गुळगुळीत झालेलं वाक्य आलं: ‘आभार मानून आम्ही त्यांच्या ऋणातून मुक्त होऊ इच्छित नाही.’ म्हणायला सुंदर, पण ते बोलून वक्ता नाव घ्यायचं टाळतो. कार्यकर्त्याला ‘आभार’ हा शब्द नको असतो, आपण काय केलं ते कोणीतरी पाहिलं होतं एवढं त्याला कळायला हवं असतं. म्हणून आभारात नावापुढे काम यायलाच हवं.

त्यासाठी वही पहिल्या बैठकीलाच उघडावी. एका पानावर एक जबाबदारी: प्रवेशिका, पावतीपुस्तकं, स्मरणिका, मांडव, वीज आणि जनरेटर, गाड्या लावणं, पाणी, स्वयंपाक, वाढप, दुसऱ्या दिवशीची झाडलोट. प्रत्येक पानावर नाव, वडिलांचं नाव, वाडी आणि नेमकं काम. एका वाडीत सगळ्यांचं आडनाव एकच असण्याची शक्यता भरपूर, त्यामुळे वडिलांच्या नावाशिवाय यादी निरुपयोगी ठरते. हाकेचं नाव कंसात लिहावं. माईकवरून कागदावरचं नाव पुकारलं की कधीकधी खुद्द तो माणूसही वळून बघत नाही. वही कार्यक्रमानंतर भरायला घेतली तर स्वयंपाकघर आणि झाडलोट ही दोन पानं कोरी राहतात, कारण तिथली माणसं बैठकीला नसतात. पैसे घेऊन आलेले मंडपवाले, ध्वनीवाले आणि आचारी या वहीत नसावेत. त्यांना चोख बिल आणि दोन चांगले शब्द पुरेत. त्यांचं नाव आधी आलं तर ते कार्यकर्त्यांच्या बरोबर लक्षात राहतं.

मंचावरचे आभार चार मिनिटांचे असावेत. सावकाश वाचलं तर त्यात साडेचारशेच्या आसपास शब्द बसतात, म्हणजे चाळीस नावं कामासकट येत नाहीत. तिथे गटांची नावं आणि प्रत्येक गटाचं एक ठोस काम घ्यावं: ‘पाण्याच्या गटाने दोन दिवस विहिरीवरून टाक्या भरल्या.’ बोलायची वेळ शेवटची नसावी. पडदा पडला की माणसं चपला शोधतात, कोणाला शेवटची गाडी गाठायची असते. मध्यंतर संपता संपता, लोक परत बसल्यावर बोलावं. आणि त्यावेळी वाढपी, स्वयंपाकघरातल्या बायका मांडवामागे असतात हे विसरू नये. त्यांना पाच मिनिटं आधी निरोप पाठवावा.

उरलेलं काम पत्राने होतं. आठ दिवसांच्या आत, नावानिशी, अध्यक्ष आणि सचिव दोघांच्या हाताच्या सहीचं, अर्ध्या पानाचं. ‘आपण केलेल्या मोलाच्या सहकार्याबद्दल मंडळ आपले ऋणी आहे’ हे चाळीस जणांना सारखंच छापून गेलं की शेजारी शेजारी ताडून बघतात. त्याऐवजी असं लिहावं: ‘तुम्ही खालच्या वाडीतली तीन पावतीपुस्तकं पूर्ण केलीत आणि हिशेब पहिल्याच दिवशी जमा केलात.’ जमलेली रक्कम आणि ती कुठे खर्च होणार, हे दुसऱ्या परिच्छेदात. व्हॉट्सअॅप गटावर हात जोडल्याचं चित्र टाकणं हे पत्र नव्हे. पत्र घरी नेऊन द्यावं, विशेषतः मुंबईला परतणाऱ्या चाकरमान्यांना, ते निघायच्या आधी. देणगीदाराची पावती ही तिसरीच गोष्ट. तिच्यावर आभाराचा मजकूर असला तरी ती आभारपत्राची जागा घेत नाही.

आणि मग श्रमपरिहार. नावातच सगळं आहे: हे जेवण थकवा उतरवायला, इथे भाषण नको. दिवस ठरवताना सोमवार, गुरुवार, संकष्टी, एकादशी टाळावी, नाहीतर कोंबडी-वड्याच्या पंगतीत निम्मे लोक वरण-भातावर येतात. चाळीस माणसांना साधारण दहा किलो कोंबडी, माणशी पाच धरून दोनशे वडे आणि आठ लिटर सोलकढी लागते. शाकाहाऱ्यांसाठी काळ्या वाटाण्याची उसळ वेगळ्या टोपात, वेगळ्या डावाने. मुख्य नियम एकच: ज्या बायकांनी कार्यक्रमाच्या दिवशी रांधलं त्या या दिवशी रांधणार नाहीत. पदाधिकाऱ्यांनी वाढावं, पहिल्या पंगतीला स्वयंपाकघरातल्या बायका आणि झाडलोटीचा गट बसावा, आणि टोप घासायला माणूस आधीच सांगून ठेवावा.