कलासंग्रहालयातील संध्याकाळ

कलासंग्रहालयाची रोजची वेळ संपल्यावर त्याची दालने काही तासांसाठी पुन्हा खुली करून, चित्रे-शिल्पे पाहण्याच्या जोडीला संगीत, प्रात्यक्षिके, गप्पा आणि अल्पोपाहार यांची सोय करणारा सामाजिक कार्यक्रम. दिवसभर नोकरीत किंवा दुकानात अडकलेल्या माणसालाही संग्रहालयात येता यावे, हा त्यामागचा मूळ हेतू होय. करमणुकीचा भाग त्याला पुढे जोडला गेला.

लंडनमधील साउथ केन्सिंग्टन म्युझियम (आजचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम) १८५७ मध्ये सुरू झाले, तेव्हाच तेथे गॅसचे दिवे लावून कामगारवर्गासाठी संध्याकाळी प्रवेश देण्यात आला. दिव्यांनी उजळलेले संग्रहालय हा दारूच्या गुत्त्यावरचा उतारा ठरेल, अशी त्याचे पहिले संचालक हेन्री कोल यांची धारणा होती. आजचे उत्सवी रूप मात्र विसाव्या शतकाच्या अखेरीस आले. बर्लिनमध्ये १९९७ पासून संग्रहालयांची ‘दीर्घ रात्र’ साजरी होऊ लागली, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन म्युझियमने १९९८ पासून महिन्याचा पहिला शनिवार संध्याकाळच्या कार्यक्रमांसाठी राखला, आणि फ्रान्सच्या पुढाकाराने २००५ पासून युरोपातील अनेक देशांत मे महिन्यात एकाच रात्री संग्रहालये खुली ठेवली जाऊ लागली. मुंबईत कुलाबा-काळा घोडा भागातील खासगी कलादालनांनी ठरावीक गुरुवारी उशिरापर्यंत दारे उघडी ठेवून हीच कल्पना आपल्याकडे आणली.

कोल्हापूरच्या संदर्भात या प्रथेचा विचार दोन वास्तूंपासून सुरू करावा लागतो. सी.पी.आर. रुग्णालयासमोरील टाउन हॉल ही मेजर चार्ल्स मँट यांच्या आराखड्यानुसार १८७२ ते १८७६ या काळात उभी राहिलेली गॉथिक शैलीची इमारत असून तीत शासकीय वस्तुसंग्रहालय आहे. दुसरी वास्तू राजारामपुरीतील चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालय ही होय. अभिनेते व चित्रकार चंद्रकांत मांडरे यांनी आपले राहते घर आणि आपली चित्रे शासनाच्या स्वाधीन केली, त्यातून ते साकारले. दोन्ही ठिकाणचे कामकाज शासकीय वेळेप्रमाणे चालते आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास दारे बंद होतात. ऑफिस सुटलेला कोल्हापूरकर गाडी काढून रंकाळ्यावर किंवा गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर पोहोचतो, तेव्हा टाउन हॉलमधील चित्रकार आबालाल रहिमान यांची चित्रे कुलूपबंद झालेली असतात. ज्या गावाने आबालाल, बाबूराव पेंटर, दत्तोबा दळवी, रवींद्र मेस्त्री असे कलावंत घडवले, त्या गावातल्या नोकरदाराला त्यांची कला पाहण्यासाठी रजा टाकावी लागावी, ही गोष्ट मनाला लागणारी आहे.

मात्र या शहराला अशा संध्याकाळींचे वळण बाहेरून शिकावे लागत नाही. दसरा चौकातील राजर्षी शाहू स्मारक भवनाच्या कलादालनात भरणारी प्रदर्शने संध्याकाळीही पाहता येतात, आणि खरी वर्दळ त्याच वेळी असते. टाउन हॉलच्या बागेत ‘रंगबहार’ या संस्थेतर्फे ‘मैफल रंगसुरांची’ भरते. तीत एकीकडे गाणे-वाजवणे चालू असताना झाडांखाली चित्रकार, शिल्पकार आणि रांगोळीकार लोकांसमोर काम करतात. व्यक्तिचित्राचे प्रात्यक्षिक हा तर कोल्हापूरच्या प्रेक्षकांचा विशेष आवडीचा प्रकार आहे. समोर बसलेल्या माणसाच्या कपाळाचा उजेड, गालाची सावली आणि शेवटी डोळ्यांतला ठिपका कागदावर उतरेपर्यंत माणसे उभ्या-उभ्या पाहत राहतात, आणि मधूनच एखादा जाणता प्रेक्षक ‘नाकाची बाजू अजून दाबा’ असे सुचवायलाही कमी करत नाही. ही हौस बागेतून दालनात नेणे, एवढेच संध्याकाळच्या कार्यक्रमाला करायचे असते.

तेथे पोहोचल्यावर पाहण्याची रीत बदलावी लागते. टाउन हॉलमध्ये कोल्हापुरातीलच ब्रह्मपुरीच्या टेकडीत सापडलेली, वीतभरही उंची नसलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची कांस्यमूर्ती आहे. सातवाहनकाळात रोमन जगाशी चाललेल्या व्यापाराची ती साक्ष आहे. पण घाईने फिरणाऱ्याच्या नजरेला ती लागतही नाही. दहा-बारा जणांचा गट, एक जाणकार मार्गदर्शक आणि एकाच वस्तूपुढे पंधरा-वीस मिनिटे अशी आखणी केली, तर हात उगारून उभ्या असलेल्या त्या देवाच्या मुठीत एके काळी त्रिशूळ असावा, हे पाहणाऱ्यांच्याच ध्यानात येते. संगीत, चहा आणि गप्पा ही माणसे येण्याची निमित्ते आहेत. वस्तूसमोरचा निवांत वेळ जिथे मिळत नाही, तो कार्यक्रम केवळ संग्रहालयाच्या आवारातील समारंभ ठरतो.

जतनाची बाजू दुर्लक्षून चालत नाही. जलरंग व कागदावरील कामांसाठी सुमारे ५० लक्स (लक्स हे पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाचे माप) आणि तैलचित्रांसाठी सुमारे २०० लक्स ही प्रकाशाची सर्वसाधारण मर्यादा मानली जाते. प्रकाशाने होणारी हानी साठत जाते. ५० लक्सखाली तीन तास जास्त उघडे राहिलेल्या जलरंगचित्राच्या खात्यात १५० लक्स-तासांची भर पडते आणि ती परत वजा होत नाही. म्हणून नाजूक चित्रांवर दिवसाही पडदा ठेवणे किंवा त्यांची आलटून-पालटून मांडणी करणे आवश्यक असते. मांडरे यांच्या पावडर शेडिंगच्या (कोरड्या रंगपुडीने छटा भरलेल्या) चित्रांना हेच लागू पडते. शिवाय मूळच्या घरातील दालनांत गर्दीच्या श्वासाने दमटपणा लवकर वाढत असल्याने तेथे लोकांना तुकड्या-तुकड्यांनी सोडावे लागते. खाण्याची व्यवस्था नेहमी बाहेर असावी. भडंगाचा एक सांडलेला घास झुरळे आणि उंदीर यांना पुरेसा असतो, आणि तेलकट बोटांचा ठसा दगडी शिल्पावर मुरतो.

कोल्हापूरच्या हवामानात जून ते सप्टेंबर हा काळ अशा कार्यक्रमास प्रतिकूल आहे, कारण पावसाळी दमट हवेत दारांची सतत उघडझाप झाल्यास कागदावर बुरशी धरण्याचा धोका वाढतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत हवा कोरडी असून अंधारही लवकर पडतो, त्यामुळे सहा ते नऊ या वेळेत दालने आणि बाग दोन्ही वापरता येतात. पहारेकरी व दालन-सेवक यांच्या वाढीव कामाचा मोबदला, दिव्यांची सोय आणि विमा यांची तरतूद मात्र कार्यक्रम जाहीर करण्यापूर्वीच व्हावी लागते.