घोंगडीच्या धंद्यामागची लोकर

हातमागावर विणलेली घोंगडी अलीकडे शहरांतल्या प्रदर्शनांत आणि ऑनलाइन दुकानांत 'पर्यावरणपूरक' म्हणून विकली जाते. हे वर्णन खोटे नाही. तिची लोकर बहुधा रंगवलेली नसते, माग विजेवर चालत नाही, आणि नीट वापरलेली घोंगडी घरात दोन पिढ्या टिकते. तरीही ती विणणारी घरे कमी कमी होत गेली. याचे कारण समजून घ्यायचे असेल, तर मागाच्या आधी मेंढीकडे जावे लागते.

दख्खनी मेंढी ही महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगण आणि आंध्रच्या कमी पावसाच्या पठारी भागातली जात. लोणंद, सांगोला, संगमनेर, कोल्हापूर अशा मुलखांवरून तिचे उपप्रकार ओळखले जातात. तिची लोकर जाडीभरडी, बहुतेक काळी किंवा करडी असते. वर्षातून दोनदा कातरणी केली तरी एका मेंढीपासून साधारण अर्धा किलोच लोकर मिळते, म्हणजे एका घोंगडीसाठी चार-सहा मेंढ्यांची वर्षभराची लोकर लागते. एवढ्या थोड्या आणि टोचऱ्या लोकरीवर एक अख्खा व्यवसाय उभा राहिला, याचे श्रेय त्याभोवतीच्या व्यवस्थेला आहे. धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढ्यांसह फिरणारे तळ, दिवाळीनंतर माण, खटाव, सांगोला, जत या कोरड्या भागांतून ओल्या मुलखाकडे सरकत आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत फिरत. वाटेत शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवून घेई आणि खताच्या मोबदल्यात धान्य देई. कातरलेली लोकर सणगर आणि खुटेकर विणकरांकडे जाई आणि तिचा काही भाग घोंगडीच्या रूपाने धनगराच्या खांद्यावर परत येई. मेंढी, रान, माग आणि गिऱ्हाईक एकाच पट्ट्यात असल्यामुळे यातले फारसे काही वाया जात नसे.

विणण्याआधीचे काम विणण्यापेक्षा मोठे असते. लोकर निवडून पिंजायची, मग तिचे सूत काढायचे, आणि हे सूत काढणे बहुतांशी घरातल्या बायकांकडे. एका विणकराच्या घरी मी पाहिले आहे: म्हातारी आजी ओसरीवर चरख्यापाशी बसली होती, डाव्या हातातला पेळू, म्हणजे पिंजलेल्या लोकरीची वळी, तिच्या बोटांतून सरकत होता, आणि जाड गाठ आली की न पाहताच अंगठ्याने ती मोकळी करीत होती. त्यानंतर ताणा, म्हणजे विणीतले उभे सूत, उघड्यावर खुंट्यांना ताणून बांधतात आणि त्याची पांजणी करतात, म्हणजे त्याला खळ देतात. चिंचोके भाजून, टरफल काढून, भिजवून, वाटून शिजवलेली खळ कुंच्याने सुतावर ओढली जाते, म्हणजे सुटे केस बसतात आणि आडवे सूत नेणाऱ्या धोट्याच्या घासण्याने सूत तुटत नाही. ऊन नसेल तर खळ वाळत नाही आणि काम अडते. मग विणकर खड्डामागावर पाय खाली सोडून बसतो. या साऱ्या साखळीत बाहेरून विकत आणावे लागते असे जवळजवळ काहीच नाही. चिंचोकेसुद्धा गावातल्या झाडाखालचे.

ही साखळी तुटली ती अनेक बाजूंनी. पावसात खोळ करून घ्यायच्या घोंगडीची जागा प्लॅस्टिकच्या कागदाने आणि रेनकोटाने घेतली. पानिपतमध्ये जुन्या कपड्यांच्या चिंध्यांपासून बनणारी स्वस्त ब्लँकेटे बाजारात आली. गायराने आणि कुरणे आटली, बागायती वाढली. पण माझ्या मते खरा घाव लोकरीच्या भावाने घातला. कातरणाऱ्याची मजुरी लोकरीच्या किमतीपेक्षा जास्त झाली, आणि मेंढी कातरायची ती केवळ तिच्या आरोग्यासाठी, लोकर मात्र बांधावरच टाकून द्यायची, अशी वेळ आली. मटणाचा भाव वाढत असताना मेंढपाळाने उंच, लवकर वजन धरणाऱ्या, अंगावर लोकर कमी असलेल्या माडग्याळ जातीकडे वळावे, यात त्याची चूक काढता येणार नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने जुळी कोकरे देणारी 'नारी सुवर्णा' ही दख्खनी रक्ताची मेंढी तयार केली, तिचाही भर कोकरांच्या संख्येवरच आहे.

सरकारी पातळीवर काहीच झाले नाही असे म्हणता येणार नाही. जोधपूरचे केंद्रीय लोकर विकास मंडळ 1987 मध्ये स्थापन झाले, राज्यात पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळ आहे, आणि काही वस्तूंचे उत्पादन हातमागासाठी राखून ठेवणाऱ्या 1985 च्या कायद्याखालील यादीत कांबळ्याचा, म्हणजे घोंगडीसारख्या लोकरी पांघरुणाचाही समावेश आहे. हा कायदा यंत्रमागाला अटकाव करू शकतो. बांधावर पडलेली लोकर उचलणे त्याच्या आवाक्यात नाही.

त्यामुळे आज घोंगडीचा लहान व्यवसाय करणाऱ्यांपुढे एक आडवाट मोहाची आहे. गिरणीचे किंवा अॅक्रिलिक मिसळलेले तयार सूत आणायचे, ते हातमागावर विणायचे आणि 'हातमागाची घोंगडी' म्हणून विकायचे. माग हाताचा असला, तरी मेंढपाळ आणि सूत काढणारी बाई दोघेही या व्यवहारातून बाहेर पडतात. गिऱ्हाइकाला पारख सोपी आहे: सुताचा धागा जाळला तर खऱ्या लोकरीला केस जळल्यासारखा वास येतो आणि बोटाने चुरडली जाणारी राख उरते, अॅक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी होतो.

घोंगडीचे मानाचे स्थान अजून गेलेले नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्याबरोबर लोकर उधळली जाते. मात्र देवाला लागणाऱ्या मूठभर लोकरीवर विणकराचे घर चालत नाही. ज्या छोट्या व्यावसायिकांना हा धंदा टिकाऊ म्हणवून घ्यायचा आहे, त्यांनी कातरणीच्या आधी वाड्यावर जाऊन लोकरीचा दर ठरवावा, सुताची मजुरी किलोवर न देता दिवसाच्या कामावर द्यावी आणि हे दोन्ही खर्च घोंगडीच्या किमतीत उघडपणे धरावेत. किंमत वाढेल, काही गिऱ्हाइके तुटतील. पण काळा दख्खनी मेंढा कळपात ठेवायचा की विकायचा, हे धनगर दरवर्षी ठरवत असतो, आणि एकदा कळपच बदलला की ही लोकर दुसरीकडून आणता येणार नाही.