बाली १९२८ : ध्वनिमुद्रणे व त्यांचे पुनःप्रकाशन

इंडोनेशियातील बाली बेटावर ओडियन आणि बेका या जर्मन कंपन्यांनी १९२८-२९ मध्ये केलेली ध्वनिमुद्रणे, तसेच सुमारे ऐंशी वर्षांनंतर ती शोधून, स्वच्छ करून पुन्हा प्रकाशित करण्याचा प्रकल्प. दुसऱ्या महायुद्धापूर्वी बालीत मुद्रित होऊन बाजारात आलेल्या संगीताच्या तबकड्या एवढ्याच.

काळ मोठा मोक्याचा होता. १९०८ पर्यंत डचांनी सारे बेट जिंकले, राजदरबारांचा आश्रय आटला आणि गमेलान हे वाद्यवृंद गावागावांतील मंडळांच्या हाती आले. १९१५ च्या सुमारास उत्तर बालीत केब्यार ही वेगवान, स्फोटक शैली जन्मली व दक्षिणेत पसरली. उबुद येथे राहणारा जर्मन चित्रकार वॉल्टर श्पीस याच्या मदतीने बेलालुआनचे केब्यार, कुटा येथील थोर रचनाकार इ वायान लोत्रिंग यांचे वादन, देवळांतील व अंत्यविधींचे संगीत, तसेच जांगेर आणि आर्जा या प्रकारांतील गाणी मुद्रित झाली. तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत. त्यामुळे बेलालुआनच्या वादकांची ‘केब्यार डिंग’ ही रचना सहा बाजूंवर तुकड्यातुकड्यांनी मुद्रित करावी लागली.

तबकड्या विकायच्या होत्या बालीतच; पण तिथे ग्रामोफोन होते कुणाकडे? माल पडून राहिला. कॅनडात जन्मलेले संगीतकार कॉलिन मॅकफी यांनी न्यूयॉर्कमध्ये यांपैकी काही तबकड्या ऐकल्या आणि त्या ओढीने १९३१ मध्ये ते बालीला गेले. पुढे वैतागलेल्या विक्रेत्याने उरलेला साठा फोडून टाकला, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. मॅकफींनी त्याआधीच घेतलेल्या तबकड्या वाचल्या. पुढे त्या लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संग्रहात गेल्या.

संगीत-अभ्यासक एडवर्ड हर्बस्ट यांनी ठिकठिकाणच्या संग्रहांतून शंभराहून अधिक बाजू मिळवल्या. ॲलन एव्हान्स यांच्या न्यूयॉर्कमधील वर्ल्ड आर्बिटर या संस्थेने २००९ पासून त्यांचे पाच खंड प्रकाशित केले. बालीतील आवृत्ती स्तिकोम बाली या संस्थेने काढली.

या तबकड्या लाखेच्या, म्हणून ठिसूळ. झिजलेल्या खोबणीतून सुईला जे मिळेल तेवढ्यावरच सारा खेळ. खरी कसोटी खरखर काढताना लागते. बाली गमेलानमध्ये धातूच्या पट्ट्यांची वाद्ये जोडीने असतात आणि जोडीतले एक मुद्दाम किंचित चढे लावतात. दोन्ही एकत्र वाजली की नाद थरथरतो. बालीकर या थरथरीला ‘ओंबाक’, म्हणजे लाट, म्हणतात. हातोडीचा कडक आघात आणि ही लाट ज्या उंच कंपनांत असते, तिथेच तबकडीची खरखरही असते. गाळणी जास्त कडक लावली तर खरखर जाते, पण तिच्याबरोबर गमेलानही मरते. थोडी खरखर राहू द्यावी, हेच योग्य.

दुसरी अडचण वेगाची. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या म्हणवल्या जाणाऱ्या तबकड्या प्रत्यक्षात नेमक्या त्याच वेगाने मुद्रित झालेल्या असतातच असे नाही. वेग जरा चुकला की स्वर आणि लय दोन्ही बदलतात. पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या बाबतीत ठरलेल्या स्वरावरून वेग ताडून पाहता येतो. बालीत मात्र प्रत्येक गावच्या गमेलानचे स्वर वेगळे. अशा वेळी टिकून राहिलेली जुनी वाद्ये, गायकांच्या आवाजाचा पल्ला आणि जाणत्यांचे कान यांचाच आधार.

प्रकल्पाचे मोल मला सर्वांत जास्त वाटते ते इथे. हर्बस्ट नुसत्या तबकड्या घेऊन बसले नाहीत. बालीतील वृद्ध वादक-गायकांना त्यांनी त्या ऐकवल्या. वादक कोण, रचना कुठली, गीताचे शब्द काय, हे त्यांच्या आठवणींतून जुळत गेले आणि खंडांसोबतच्या सविस्तर टिपणांत आले. मॅकफी व इतरांनी १९३० च्या दशकात घेतलेली मूक चलच्चित्रेही प्रकल्पात जोडली गेली, त्यामुळे आज बालीतल्या शिकणाऱ्यांना त्या पिढीचे वादन ऐकता येते आणि वादकांचे हात कसे चालत तेही पाहता येते.