शेवटी माणूस तपासतो, मग काळजी कशाला?

कृत्रिम बुद्धिमत्तेला कामात सहकारी म्हणून घेताना एक वाक्य हमखास ऐकू येतं: "शेवटची नजर माणसाचीच असते, त्यामुळे धोका नाही." हा समज चुकीचा आहे आणि बराच जुनाही. यंत्र जितकं भरवशाचं, तितका देखरेख करणाऱ्याचा हात कामातून सुटत जातो आणि नेमक्या अवघड क्षणी काम त्याच्यावरच येऊन पडतं, हे मानसशास्त्रज्ञ लिझॅन बेनब्रिज यांनी १९८३ मध्येच मांडलं होतं.

२०२३ चं न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयातलं प्रकरण पाहा. चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले खटले वकिलांनी दाखले म्हणून सादर केले. हे खटले खरे आहेत का, असं एका वकिलाने त्याच चॅटजीपीटीला विचारलंही होतं. उत्तर 'हो' आलं. तपासणी झाली, पण जिच्यावर शंका घ्यायची तिलाच साक्षीला बोलावून! ५,००० डॉलरचा दंड झाला. न्यायाधीशांनी साधन वापरण्याला दोष दिला नाही. खातरजमा न करण्याला दिला.

यंत्रावर आपोआप विसंबण्याच्या या प्रवृत्तीचा उल्लेख युरोपीय संघाच्या २०२४ च्या कृत्रिम बुद्धिमत्ता कायद्यात, कलम १४ मध्ये थेट आहे. अतिजोखमीच्या प्रणालीवर देखरेख करणाऱ्याला तिचं उत्तर बाजूला सारता आलं पाहिजे आणि ती थांबवताही आली पाहिजे, असं ते कलम सांगतं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. ज्याला वेळ नाही, मूळ कागद दिसत नाहीत आणि 'नाही' म्हटल्यावर जाब द्यावा लागतो, त्याची सही म्हणजे तपासणी नव्हे.