टीव्ही म्हणजे मोठा मॉनिटर नव्हे

दसरा-दिवाळीचे सेल संपले की मला ठरलेले तीन फोन येतात. पहिला : "टीव्हीला कॉम्प्युटर जोडला, पण कडा कापल्या जातायत." दुसरा : "अक्षरं अशी पिंजल्यासारखी का दिसतात?" तिसरा : "माउस हलवला की बाण जरा उशिरानं निघतो." तिघांचंही निदान मात्र एकच, "केबल भंगार दिली त्यानं." मग तपकीर गल्लीत जाऊन दुसरी केबल. मग तिसरी, सोन्याचा मुलामा असलेली. कर्वेनगरला माझ्या मामाकडे अशा चार केबली एका खोक्यात सुखानं नांदतायत आणि चारही उत्तम चालतात.

सगळा घोळ एका समजुतीपायी होतो : टीव्ही म्हणजे मोठा मॉनिटर.

समजूत होणं साहजिक आहे म्हणा. दोघांचा पडदा एकाच जातीचा, मागचं एचडीएमआयचं भोक तेच आणि दोघंही फुल एचडी असतील तर ठिपकेही तेवढेच, आडवे १९२० आणि उभे १०८०. मॉनिटरबद्दल मी फार बोलत नाही, तुम्ही रोज आठ तास त्याच्यासमोर बसता. तो सांगकाम्या आहे. कॉम्प्युटर म्हणाला, तिसऱ्या ओळीतला चाळिसावा ठिपका लाल, की तो बरोबर तेवढाच ठिपका लाल करून गप्प बसतो.

टीव्हीचं तसं नाही. समोर आलेलं काहीही त्याला मॅच किंवा मालिका वाटते, आणि ते सुधारून दाखवणं हे तो आपलं कर्तव्य मानतो. कडा छाटायच्या, रेघा ठळक करायच्या, रंग भडक करायचे, हालचाल तुपासारखी गुळगुळीत करायची. सिनेमाला हे एक वेळ चालतं. (मला तेही चालत नाही. जुना सिनेमा घरगुती व्हिडिओसारखा दिसायला लागतो. पण तो वेगळा वाद.) एक्सेलच्या चौकटींना मात्र अजिबात चालत नाही.

यातली कडा छाटण्याची खोड सगळ्यात वाईट, आणि नव्वद टक्के लोक अडकतात ते इथेच. तिला ओव्हरस्कॅन म्हणतात.

१९८२ मध्ये दूरदर्शन रंगीत झालं आणि त्यानंतर घरोघरी ते पोटफुगे टीव्ही आले, आठवतायत? त्यांच्या पिक्चर ट्यूबवर चित्राची कड एका जागी ठरत नसे. व्होल्टेज खालीवर झालं की चित्र आकसे, पडदा एकदम उजळला की फुगे. कडेला काळी पट्टी दिसली तर गिऱ्हाईक तक्रार करणार, म्हणून टीव्ही बनवणाऱ्यांनी चित्र मुळातच चौकटीपेक्षा थोडं मोठं पाडायला सुरुवात केली. जे बाहेर जाईल ते गेलं. कार्यक्रम बनवणारेही हे जाणून होते, त्यामुळे नावं, धावसंख्या, बातम्यांच्या पट्ट्या ते कडेपासून आत ठेवत. कुणाचं काही बिघडत नव्हतं.

ट्यूब गेली, सवय राहिली. आजच्या सपाट पडद्यावर एकूण एक ठिपका आपापल्या जागी पक्का बसलेला असतो, त्याला फुगायला-आकसायला वावच नाही. तरीही बरेच टीव्ही एचडीएमआयवरून १०८० चा सिग्नल आला की चारी बाजूंनी थोडा काप घेतात आणि उरलेलं चित्र ताणून पडदा भरतात. विंडोजमध्ये घड्याळ आणि स्टार्टचं बटण नेमकं कडेला असतं, म्हणून आधी तेच गायब होतं.

कापलेली कड डोळ्यांना दिसते तरी. खरं नुकसान ताणण्यात होतं आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही. हिशेब करून बघा. समजा टीव्हीनं रुंदीतला एकूण पाच टक्के भाग छाटला. १९२० मधले ९६ ठिपके गेले, उरले १८२४. ते पुन्हा १९२० जागांवर पसरायचे. म्हणजे दर १९ ठिपके २० जागांवर. एकोणीस जणांचा स्वयंपाक आणि पंगतीला वीस पानं! पहिल्या पानावर अख्खी जिलबी, पुढच्यावर थोडी कमी आणि शेजारच्या जिलबीचा तुकडा. पदार्थ सगळ्यांना पोचतो, पण अख्खा जवळपास कुणालाच मिळत नाही. अक्षरांचं हेच होतं. एका ठिपक्याची काळी रेघ दोन ठिपक्यांवर राखाडी होऊन सांडते.

देवनागरीला हा मार जरा जास्तच बसतो. शिरोरेघ म्हणजे लहान अक्षरात जेमतेम एक-दोन ठिपक्यांची आडवी रेघ, आणि उभ्या दिशेलाही हेच ताणणं चाललेलं असतं. एका ओळीची शिरोरेघ ठसठशीत तर दुसरीची पुसट. अनुस्वार आणि रफार एकमेकांत विरघळतात. मामा सोसायटीचा खजिनदार आहे. निवृत्तीनंतर मोठ्या हौसेनं त्यानं ४३ इंची टीव्हीला कॉम्प्युटर जोडला आणि मार्चचा जमाखर्च त्यावर मांडायला बसला. आठवडाभरानं चष्म्याचा नंबर तपासून आला. नंबर तोच होता. मग मला फोन, "अगं, बघतेस का येऊन? 'वर्गणी' वाचताना डोळ्यांत पाणी येतंय."

"मामा, वर्गणीचा आकडा बघून येत असेल."

"चेष्टा पुरे. ये."

गेले. रिमोट हातात घेतला, पिक्चरच्या मेन्यूत शिरले, एक पर्याय बदलला. वीस सेकंदांचं काम. घड्याळ परत आलं, शिरोरेघा सरळ झाल्या. मामा केबलींच्या खोक्याकडे बघत राहिला.

हा पर्याय शोधणं हीच काय ती मेहनत, कारण प्रत्येक कंपनीनं त्याचं वेगळं बारसं केलंय. सॅमसंगच्या अनेक टीव्हींवर तो 'स्क्रीन फिट' किंवा 'फिट टू स्क्रीन', एलजीवर 'जस्ट स्कॅन', सोनीच्या बऱ्याच मॉडेलांवर 'फुल पिक्सेल', कुठे 'डॉट बाय डॉट', कुठे सरळ 'ओव्हरस्कॅन : ऑफ'. तो बहुधा चित्राचा आकार किंवा आस्पेक्ट रेशो या मथळ्याखाली सापडतो. '१६:९' निवडलं म्हणजे झालं असं समजू नका. १६:९ हे फक्त आकाराचं प्रमाण आहे, त्यात राहूनही टीव्ही खुशाल कड छाटतो. आणखी एक गंमत म्हणजे बऱ्याच टीव्हींवर ही सेटिंग त्या त्या एचडीएमआय पोर्टपुरती असते. केबल पहिल्यातून काढून दुसऱ्यात घातली की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

आता माझा खरा राग. कडा कापल्या जातायत म्हटल्यावर "ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंगमध्ये जाऊन डेस्कटॉप थोडा लहान करा" असं सांगणारी एक जमात आहे. (ग्राफिक्स कार्ड म्हणजे कॉम्प्युटरमधला चित्र तयार करून पाठवणारा भाग.) आमच्या भागातल्या एका दुरुस्तीवाल्यानं शेजारच्या काकूंना हेच करून दिलं आणि वर पैसे घेतले. घड्याळ दिसायला लागलं, काकू खूश. प्रत्यक्षात काय झालं? कॉम्प्युटरनं वीस ठिपक्यांचं चित्र एकोणिसांत कोंबलं आणि टीव्हीनं एकोणिसांचं पुन्हा वीस केलं. पायजमा लांब झाला म्हणून खालून कापायचा आणि मग खाली तुकडा जोडायचा, तशातली गत. अक्षरं आता दोनदा पिंजली गेली. टीव्हीनं केलेला उपद्व्याप टीव्हीतच थांबवायचा. ग्राफिक्स कार्डाला हात लावायची वेळ फक्त एकाच परिस्थितीत येते, टीव्हीत तो पर्यायच नसेल तेव्हा. फार स्वस्त किंवा फार जुने काही टीव्ही तसे असतात.

'एचडी रेडी' टीव्हीवाल्यांना मात्र वाईट बातमी आहे. त्यांचा पडदा बहुधा १३६६ बाय ७६८ ठिपक्यांचा असतो, आणि एचडीएमआयवरून तो सहसा १२८० बाय ७२० किंवा १९२० बाय १०८० घेतो. दोन्ही मापं पडद्याशी जुळत नाहीत, त्यामुळे ओव्हरस्कॅन बंद करूनही ताणणं किंवा आवळणं आहेच. अशा काही जुन्या टीव्हींना मागे निळं व्हीजीए पोर्ट, म्हणजे कॉम्प्युटर जोडायचं जुन्या पद्धतीचं भोक, असतं आणि त्यावरून पडद्याच्या जवळचं माप मिळतं. व्हीजीए १९८७ चं, एचडीएमआय २००२ चं, आणि तरीही अशा टीव्हीवर म्हातारं व्हीजीए अक्षरांच्या बाबतीत बाजी मारून जाऊ शकतं. नवीन ते चांगलंच म्हणणाऱ्यांना हे सांगताना मला आसुरी आनंद होतो.

ओव्हरस्कॅन गेल्यावरही लाल किंवा निळी अक्षरं फिसकटलेली दिसत असतील तर दोष रंगाच्या काटकसरीचा. माणसाच्या डोळ्याला उजेड-अंधाराचा बारकावा जितका कळतो तितका रंगाचा कळत नाही. म्हणून प्रक्षेपणात आणि डिस्कवर उजळपणा प्रत्येक ठिपक्याचा स्वतंत्र साठवतात, पण रंग चार ठिपक्यांत मिळून एक. क्रिकेटच्या हिरवळीला याचा काही फरक पडत नाही. काळ्यावर लाल आकड्यांना पडतो, आणि जमाखर्चातली तूट तर लालच असते. कॉम्प्युटर प्रत्येक ठिपक्याचा रंग पूर्ण पाठवत असला तरी अनेक टीव्ही आत गेल्यावर तो असा वाटून टाकतात.

यावरचा उपाय ऐकून लोक माझ्याकडे संशयानं बघतात : टीव्हीतल्या त्या इनपुटचं नाव बदलून 'पीसी' ठेवा. सॅमसंग आणि एलजीच्या पुष्कळ टीव्हींवर ही निव्वळ पाटी नसते. ते नाव किंवा पीसीचं चिन्ह निवडलं की टीव्ही बराचसा शहाणपणा आवरता घेतो आणि रंगही ठिपक्यागणिक दाखवतो. नाव बदलून स्वभाव बदलणारं दुसरं काही मी पाहिलेलं नाही. जोडीला 'शार्पनेस' शून्यावर किंवा शून्याजवळ आणा. ते वाढवल्यानं अक्षर स्पष्ट होत नाही, त्याच्याभोवती पांढरी झालर येते.

माउसचा बाण रेंगाळतो तोही याच सुधारणाखात्यामुळे. प्रत्येक चित्रावर प्रक्रिया करायला टीव्हीला वेळ लागतो. 'गेम मोड' लावला की ती बरीच कमी होते, तेव्हा तो लावा, तुम्ही गेम खेळत नसलात तरी. आणि काळा रंग राखाडी दिसत असेल किंवा गडद भागातलं सगळं काळ्यात बुडत असेल, तर टीव्ही आणि कॉम्प्युटर यांच्यापैकी एकानं काळ्या-पांढऱ्याची पट्टी टीव्हीच्या रीतीनं १६ ते २३५ धरलीय आणि दुसऱ्यानं कॉम्प्युटरच्या रीतीनं ० ते २५५. दोन्हीकडे एकच करा, विषय संपला.

बाकीचे प्रश्न एका दमात. आवाज येत नाही? टास्कबारवरच्या स्पीकरच्या चिन्हावर जाऊन आवाजासाठी टीव्ही निवडा. टीव्हीवर नुसतंच वॉलपेपर दिसतंय? विंडोजचं बटण दाबून पी दाबा आणि 'डुप्लिकेट' करा. टीव्हीच्या यूएसबी पोर्टात कॉम्प्युटरची केबल घालू नका, ते पेनड्राइव्हसाठी आहे. आणि केबलीवर '२.०', '२.१' असे आकडे छापून कुणी जास्त पैसे मागत असेल तर हसून पुढच्या दुकानात जा. हे आकडे पोर्टाचे. केबलीची प्रत 'हाय स्पीड', 'प्रीमियम हाय स्पीड', 'अल्ट्रा हाय स्पीड' अशी सांगतात, आणि फुल एचडीला यातली पहिली पुरते. सोन्याचा मुलामा डिजिटल चित्र उजळ करत नाही. केबल खरंच खराब असेल तर पडद्यावर चमकणारे ठिपके येतील, चित्र मध्येच जाईल किंवा येणारच नाही. अक्षरं मऊ होणार नाहीत.

एवढं सगळं जमल्यावर एक गोष्ट उरते आणि तिला सेटिंग नाही. ४३ इंची फुल एचडी टीव्हीवर इंचाला साधारण ५१ ठिपके पडतात. तेवढेच ठिपके २२ इंची मॉनिटरवर बसवले की इंचाला १००. सोफ्यावरून हा फरक जाणवत नाही, टेबलाशी बसून हातभर अंतरावरून जाणवतो. "आता धूसर नाही, पण दाणेदार दिसतंय," असं मामा चौथ्या दिवशी म्हणाला तेव्हा मी वाद घातला नाही. जमाखर्च जुन्या मॉनिटरवर परत गेला, टीव्हीवर नातवाचे फोटो आणि मॅच लागते. केबलींचं खोकं मी उचलून आणलंय. पुढची दिवाळी फार लांब नाही.